एका सर्व्हरवर दोन भजनी मंडळं

सख्यांनो, आमचं दौलतगंजचं आणि शेजारच्या गोरखी भागातलं अशी दोन भजनी मंडळं एक झाली. दोन सर्व्हर कशाला, म्हणून आज दोन्हींची रेकॉर्डिंग एकाच सर्व्हरवर ठेवली. परवानग्या मी लावल्या: ज्यांचं फोल्डर, बदल त्यांनीच करायचे, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं.

गोरखीच्या कमलकाकू आमच्या एका आरतीचं नाव दुरुस्त करायला गेल्या, तर समोर आलं, 'परवानगी नाही'.

काकू उठल्याच. "म्हणजे आम्ही पाहुण्या! चला गं, आपली भजनं परत घ्या."

मी म्हटलं, "काकू, बसा तर. आता मी माझ्या नावाने तुमच्या फोल्डरला हात लावते." मलाही तेच उत्तर मिळालं.

काकूंना हसू आलं. "अगं बाई, लावणारीलाच मनाई!" मग म्हणाल्या, "पण असंच राहायचं, तर एक कशाला झालो?"

पटलं मला. तिसरं फोल्डर केलं, दोन्ही गटांना बदलाची परवानगी दिली. ते अजून रिकामंच आहे, कारण दत्ताची आरती कुणाच्या चालीत रेकॉर्ड करायची, यावर संध्याकाळपर्यंत एकमत झालं नाही. पण उठून कुणी गेलं नाही, ही दत्तमहाराजांची कृपा.

तुमच्याकडे मंडळं एक झाली, तेव्हा चाल कुणाची ठेवलीत?