फरारी महादू गणपत

महादू गणपत तारी हा रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचा, मासेमार होता. आचऱ्याच्या उत्तरेस, खाडीकाठच्या एका वाडीत तो आपली विधवा आई शेवंती हिच्यासह राहत असे. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची त्यांच्या घरची रीत, त्यामुळे आजोबाही महादू गणपत तारीच. ते एका मार्गशीर्षात होडी घेऊन गेले ते गेलेच. प्रेतसुद्धा किनाऱ्यास लागले नाही. पुढे नातू जन्मास आला तेव्हा सुईण म्हणाली, "म्हातारो परत इलो गो." ते शेवंतीने मनाशी धरले. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नसते, म्हणून पोटच्या मुलालाही तिने कधी नावाने हाक मारली नाही. ती त्याला 'बाबू' म्हणे. मात्र त्याचे ताट वाढताना ती डोक्यावरचा पदर सारखा करी.

सन २००८ मध्ये यांत्रिक बोटवाल्यांशी समुद्रात मारामारी झाली. त्या गुन्ह्यात वाडीतील इतरांबरोबर महादूचेही नाव आले. त्याची त्याला फारशी धास्ती नव्हती. परंतु पुढे हद्दपारीची नोटीस आली ती त्या एकट्यालाच. त्याची पूर्वीची नोंद वाईट असल्यामुळे त्यास दोन वर्षे जिल्ह्याबाहेर का घालवू नये, असे तिच्यात विचारले होते. समुद्र सोडून जगण्याचे त्याला दुसरे काहीही येत नव्हते.

ही नोंद कसली, हे विचारण्यास तो ठाण्यावर गेला. ती संगणकात आहे आणि गोपनीय आहे, असे त्यास सांगण्यात आले.

"माझ्याबद्दलचं, आणि मलाच गोपनीय?"

"काय केलंस ते तुला ठाऊक नाही होय?" हवालदार हसून म्हणाला.

हे वाक्य महादूच्या मानगुटीस बसले. रापणीचा दोर ओढताना तो मध्येच थांबू लागला. आपण काही भयंकर केले आणि विसरून गेलो, असे तर नाही? आपल्याच नावाचा कोणी त्या यंत्रात बसून आपल्याकडे पाहत आहे, असे त्यास वाटू लागले. जेवणावरची त्याची वासना गेली.

सुनावणीच्या दिवशी त्याचे वकील सुदेश यांनी प्रांतसाहेबांस विनंती केली की, जे दाखवलेच नाही त्याचा खुलासा या माणसाने कसा द्यावा? साहेबांनी विचार करून नोंदीचा कागद तेथेच वाचू देण्याचा हुकूम केला. वकील वाचून दाखवणार होते, परंतु महादू प्रौढ वर्गात अक्षरे शिकला होता. त्याने शब्दाखाली बोट धरून स्वतः वाचले. गोव्याच्या हद्दीतून होडीने चोरटी दारू आणणे. पहारेकऱ्यास मारहाण. सालाची जागा कोरी होती. डाव्या हाताची करंगळी अर्धी. फरारी.

त्याने आपला डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी पुरी होती. अर्धी करंगळी आजोबांची, दोरात सापडून तुटलेली, हे त्याने लहानपणापासून ऐकले होते.

साहेबांनी हात पाहिला आणि पुढील कागद उलटला. चौकशीस आलेल्या शिपायाने लिहिले होते की, महादू गणपत कोण असे विचारता आईने घरातील मुलाकडे बोट दाखवून सांगितले, 'हेच ते, परत इले.' सासऱ्याचे नाव तोंडी न आणता ती तेवढेच बोलली होती, आणि परमुलखातल्या शिपायास त्यातला अर्थ कळला नव्हता. आजोबांच्या मृत्यूचा दाखला कधी निघालाच नव्हता. तेव्हा आईनेच खरे काय ते सांगावे, असे साहेब म्हणाले.

मुलाबरोबर आलेली शेवंती मागच्या बाकावरून उभी राहिली. महादूकडे पाहून तिने पदर सारखा केला, आणि मग तो हातानेच मागे सारला.

"महादू गणपत तारी दर्यात बुडान मेले, सायबानू. ते परत येवक नाय. हो माझो झील. ह्येचा नावय महादू."

नोटीस रद्द झाली. जुनी नोंद पुसणे मात्र आपल्या हाती नाही, असे साहेबांनी सांगितले. संगणकात आजोबा फरारीच राहिले.

घरी आल्यावर शेवंतीने ताट वाढले आणि दारातून हाक मारली, "महादू, जेवूक ये."

महादू अंगणातच होता. परंतु ती हाक ऐकून तो आधी मागे वळला आणि खाडीच्या वाटेकडे पाहत राहिला.