माटे म्हणजे माठाची भाजी नाई म्हणे

बायांनो, भावांनो, आज सकाळपासून माझं डोस्कं तापून राह्यलं आहे.

आमची नात पोलीस भरतीची तयारी करून राह्यली. काल म्हणाली, "आजी, माटे घेतलं का धावाले दम येते, चरबी जळते." मले वाटलं, माठाची भाजी म्हणते. आज पहाटेच परसातला माठ खुडला, लसूण-मिरची टाकून भाजी केली, संग गरम भात.

पोरगी हासून हासून लोळली. "अवं आजी, येरबा माटे! परदेशातली पत्ती आहे, चहासारखी उकळून पेतात." अन् उपाशीपोटीच तो कडू काढा पिऊन ग्राउंडवर गेली.

तिथी धावता धावता चक्कर येऊन खाली बसली. मैत्रिणीनं गाडीवर बसवून घरी आणली. हात थरथर, छाती धडधड.

"काऊन वं, जेवून जाता येत नव्हतं?"

"भूकच नाई लागत, आजी. म्हून तर पेते. वजन कमी झालं का पाय हलके होते."

अवं, धानाच्या रोवणीच्या चिखलात वाकून वाकून तुझ्या अंगावर चरबी उरली कुठी? जळाले काई पाह्यजे ना! एखाद्या जाड्या माणसाले लागू पडत असन ती पत्ती, मी नाई म्हणत नाई. पण हे पोरगी भूक मारून वर्दी घालाले निघाली.

माझं ती ऐकत नाई. मोबाईलवर कोणी लिहिलं का लगेच खरं मानते. म्हून आज मीच मोबाईलवर लिहून राह्यली. तुमच्या पोरी धावाच्या आधी काय खातात, लिहा खाली. तिले वाचू द्या.