मामांचा गोल्डफिश आणि माझी रिकामी टाकी

मंडळी, मी घरात खाऱ्या पाण्याची छोटी टाकी मांडलीय. सध्या आत फक्त वाळू आणि समुद्री दगड. पाणी माशांना सोसेल असं होईपर्यंत थांबायचं, असं ठरवलंय.

आज गडमुडशिंगीचे मामा पिशवीत गोल्डफिश घेऊन आले. "रिकामी टाकी काय बघायची? सोड की आत!"

मी पिशवी त्यांच्याकडून घेतली आणि हातातच धरून ठेवली. "मामा, हा गोड्या पाण्यातला हाय. खाऱ्यात मरंल. गोठा नसताना म्हैस आणता का तुम्ही?"

आई म्हणाली, "मोठ्यांना उलटं बोलतीस?"

व्हय, बोलले.

गोल्डफिश आता आईच्या मोठ्या पातेल्यात, गोड्या पाण्यात पोहतोय. टाकी रिकामीच राहील. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

मुक्या जिवासाठी तुम्ही घरात कुणाला नाही म्हणालाय?