सरांचं विमान आणि सरळ रेष

महाडपासून पोलादपूरपर्यंत सरळ रेषेचा एवढा राग असलेला दुसरा माणूस झाला नसेल. आमचे ड्रॉइंगचे सर वर्गात शिरले की आधी सगळ्यांच्या पट्ट्या गोळा करून टेबलावर ठेवत. सरळ रेष लाकडाच्या तुकड्यालाही काढता येते, तिला माणूस कशाला हवा, असं त्यांचं म्हणणं. बाजारातून चवदार तळ्याकडे जातानाही ते समोरचा रस्ता सोडून गल्ल्यांतून वळसे घेत, आणि पिशवी धरून मागे चालणाऱ्या मला सांगत, "कशेडी घाटाचा रस्ता सरळ काढला असता, तर खाली उतरायला कोण उरलं असतं?" पोलादपूरच्या वरच्या वाडीतून आलेल्या मला त्यांनी शिकण्यासाठी घरात ठेवून घेतलं, म्हणून आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो. तेव्हा पिशवी मीच धरत असे आणि वळसेही आनंदाने घेत असे.

फळ्यावर ते एका दमात असं वर्तुळ काढत की मागच्या बाकावरची मुलंही गप्प होत. गणपतीच्या आधी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला कारखान्यातून त्यांनाच बोलावणं यायचं. निवृत्तीनंतर मात्र उजवा हात कापू लागला. त्या वर्षी बोलवायला आलेल्या मूर्तिकाराला त्यांनी चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगून परत पाठवलं आणि ब्रश धुऊन माळ्यावर टाकले. हा हात आता कशाच्या तरी कामाचा आहे का, हा एकच प्रश्न त्यांच्या मनात होता. तो त्यांनी कुणाला विचारला नाही, पण घरात सगळ्यांना ऐकू येत होता.

त्याच सुमारास बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने परदेशातून रेडिओवर उडणारं विमान आणलं, सुट्टीभर वडिलांना ते उडवायला शिकवलं आणि तो परत गेला. मी तेव्हा पोलादपूरला शिक्षक होतो. रविवारी महाडला आलो की सर विमान चालवायची पेटी, म्हणजे ट्रान्समीटर, मांडीवर घेऊन बसलेले असत. त्याच्या इवल्याशा पडद्यावर नुसते आकडे दिसत. पेटीवरची काडी जेवढी हलवाल तेवढीच विमानाची शेपटी हलते, म्हणजे दोघांमधलं नातं सरळ रेषेचं, हे कळल्यावर सर भडकलेच. पण एक्सपो नावाचा आकडा बदलला की ती रेष वाकते, मधे मऊ होते आणि टोकाला जोर धरते, हेही त्यांना कळलं. मग काय विचारता. मला खडू देऊन ते ओटीवर ती वक्ररेषा काढायला लावत. "मधे झोपव तिला. अजून झोपव. हं, आता टोकाला उठव."

शिवाय ड्युअल रेटचा एक खटका होता. तो एकीकडे केला की विमान अर्ध्यानेच वळे, दुसरीकडे केला की पुरतं. सरांनी हा खटका साऱ्या जगाला बसवला. काकी, म्हणजे सरांच्या पत्नी, रागावल्या की ते मला हळूच सांगत, "आज पूर्ण रेट आहे, जपून." काकी आतून म्हणत, "खटका माझ्या हातात आहे म्हणावं."

पहिल्यांदा स्वतःच्या आकड्यावर विमान उडवलं तेव्हा मोठी गंमत झाली. मऊ करायचं म्हणजे कमी करायचं, म्हणून सरांनी एक्सपोचा आकडा वजा टाकला होता. त्या पेटीत तो अधिक हवा होता. कापणी झालेल्या शेतातून विमान उठलं आणि काडीला बोट लागताच उधळू लागलं. शेवटी ते पेंढ्याच्या उडवीत नाक खुपसून थांबलं. शेतकरी शांतपणे म्हणाला, "मास्तर, वासरू हाय ते. आधी दाव्याला बांधा."

चिन्ह सुधारलं आणि विमान शहाण्यासारखं वागू लागलं. तरीही मला एक कोडं पडलं होतं. दर खेपेला सर रेष मधे आणखी झोपवायला लावत. मी कारण विचारलं की म्हणत, "वारा असतो रे." वारा तर पडलेला असे. एके दिवशी खडू थांबवून मी म्हटलं, "सर, ही मधे अगदी सरळच झाली की." ते पेटीकडे बघत म्हणाले, "होऊ दे. मला मधेच राहायचंय."

तेवढ्यात काकींनी चहा आणला. सरांच्या कपात अर्धाच चहा होता, हात हलला तरी सांडणार नाही एवढा. तो संपल्यावर काकींनी न विचारता आणखी अर्धा ओतला. हा खटका काकींनी कधी दाबला होता, कोण जाणे. मला तो आज दिसला.

संध्याकाळी आम्ही त्याच शेतावर गेलो. विमान उंच चढलं आणि सावित्री नदीच्या दिशेने निघालं. मी वर पाहिलं, मग खाली पाहिलं. काडीवरचा अंगठा थरथरत होता, पण ती थरथर त्या झोपलेल्या रेषेत कुठेतरी मुरत होती. वर काहीच पोचत नव्हतं. मावळतीच्या उजेडात सरांना विमान नीट दिसत नसावं. त्यांनी मान न वळवता विचारलं, "सरळ जातंय का रे?"

"पट्टीने आखल्यासारखं, सर," मी म्हणालो.

जन्मभर मुलांच्या हातातून पट्ट्या काढून घेणारा तो माणूस तेव्हा लहान मुलासारखा हसला.