अण्णांची पावली

अण्णांनी नुसती पावली कधी कुणाच्या हातावर ठेवली नाही. आधी तिची कुळकथा, मग पावली. देवीच्या देवळाबाहेर त्यांचं ओटीच्या सामानाचं दुकान होतं. आमच्या गावात नवस बोलायचा तो सव्वा रुपया ठेवून, आणि सरकारने तर पंचवीस पैशांची पावली बंद करून टाकलेली. रुपया सगळ्यांकडे, वरचा पाव कुणाकडेच नाही. अण्णांकडे मात्र बिस्किटांच्या जुन्या डब्यात मूठ-दोन मूठ पावल्या होत्या. "रुपयो तुझो, पावली माझी," म्हणत ते फुकट द्यायचे. संध्याकाळी बाबी गुरव देवीपुढच्या ताटातून त्या वेचून परत डब्यात आणून टाकायचा. सकाळी त्याच पावल्या दुसऱ्या कुणाच्या नवसाला. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि देवीसकट कुणाचीच तक्रार नव्हती.

"पाद म्हणजे पाय," ते सुरू करायचे. "गायीक पाय चार, म्हणान चवथो वाटो तो पाव. रुपयाचो एक पाय ती पावली. ती नसली तर तुझो नवस लंगडतलो." मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची गाडी बाहेर घुरघुरत असायची, आतून पोरं हाका मारायची. अण्णा डब्याचं झाकण धरून उभे. ऐकल्याशिवाय सुटका नाही.

दमडी त्यांच्या मते परदेशी. ग्रीक लोकांचं नाणं द्राख्मा, त्याचं आपल्याकडे द्रम्म झालं, द्रम्माचं दाम, आणि दामाचं शेंडेफळ ती दमडी. सहा दाम तो छदाम. ढब्बू पैसा अंगाने जाड म्हणून ढब्बू. हे द्राख्मा म्हणे आमच्याच किनाऱ्याला गलबतातून उतरलं. ते गलबत अण्णांच्या पदरचं असावं असा मला दाट संशय आहे. चवलीपाशी मात्र ते अडायचे. दोन आण्यांना चवली का म्हणायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "ह्या माका म्हायत नाय," एवढंच म्हणायचे, आणि तेवढ्या दिवसापुरते उदास दिसायचे.

हे सगळं न कंटाळता ऐकणारं गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे काकी, त्यांची बायको. काकीची किडनी गेली तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कणकवलीची एसटी सुरू झाली. मी तिथल्या कॉलेजात शिकवते, त्यामुळे कितीदा तरी आम्ही एकाच गाडीत असायचो. खिडकीपाशी काकी, शेजारी अण्णा, आणि त्यांची दमडी, रुका, शिवराई अशा जुन्या नाण्यांची वरात. "तुमी बोलत ऱ्हवा, माका गाडी लागणा नाय," काकी म्हणायची. परतीच्या गाडीत ती डोळे मिटून बसायची, तरी अण्णा बोलतच राहायचे. मला त्या आवाजाचा कधी कधी वैताग यायचा, आणि तो थांबला तर काय, याची भीतीही वाटायची.

एकदा गाडीच्या पायरीवर पाय ठेवून काकी तशीच थांबली. "आज नको जावया," म्हणाली. मागे माणसं खोळंबली होती. अण्णांनी तिला हाताला धरून वर घेतलं आणि जागेवर बसवून कवडीची गोष्ट काढली. मी ती पाठ असूनही ऐकली.

मग डॉक्टरांनी मान हलवली. आता फार आशा धरू नका, म्हणाले. अण्णांनी देवीला नवस बोलायचं ठरवलं आणि तिथेच अडकले. मी सांगितलं, डब्यातली एक पावली काढा की. "कशी काढू, बाय?" ते म्हणाले. "माझी पावली सांजेक माकाच परत येता. देवीक दिलंय काय मगे?" आपली नसलेली पावली शोधत ते घरोघर फिरले. ज्यांच्याकडे निघाली, ती कधीतरी अण्णांच्याच डब्यातून गेलेली. शेवटी माझ्या आईच्या देव्हाऱ्यात एक सापडली, तिच्या लग्नातली, घासून घासून गुळगुळीत झालेली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली. पावलीची कुळकथा त्या दिवशी सांगितली नाही. सव्वा रुपया ताटात ठेवून बाबीने देवीला गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे "होय महाराजा" म्हणालो, आणि माझा तर अशा गोष्टींवर विश्वास नाही.

त्याच संध्याकाळी मी दुकानात नारळ घेत होते. बाबी आला आणि रोजच्यासारख्या ओंजळभर पावल्या डब्यात टाकून वळला. हाताची सवय, दुसरं काय. खणखणाट ऐकून अण्णांनी डबा फळीवर पालथा केला. त्यातली आईची पावली कुठली, ते आम्ही दोघांनी खूप निरखलं. सगळ्याच झिजलेल्या, सगळ्याच सारख्या. तोवर बाबीच्याही लक्षात आलं होतं. तो पायरीवर तसाच उभा राहिला. अण्णांनी पावल्या भरल्या, झाकण लावलं आणि मला नारळाचे सुटे पैसे दिले.

काकी शिमग्याच्या आधी गेली. बाराव्याला बाबी आला तो थेट अण्णांच्या पायांवर पडला. "माझ्या हातान झाला, अण्णा," म्हणून रडू लागला. मलाही रडू आवरेना, कारण गावात अर्धी माणसं तेच बोलत होती.

अण्णांनी त्याला उठवून शेजारी बसवलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुझ्या हातान काय एक झाला नाय, बाबी," ते म्हणाले. "ती कधीचीच दमली होती. मीच तिका सोडी नाय होतंय."