खिडकीला टांगलेला रशियन

लालबागच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये मालन तावड्यांना लोक ओळखतात ते मोदकांमुळे. गणपतीत आजूबाजूच्या मजल्यांवरच्या सुना त्यांच्याकडे पारी वळायला शिकायला येतात आणि मालनबाई त्यांचे मोदक बघून म्हणतात, "हा मोदक नाही गं, हा बटाटा झाला." तोंड फटकळ, हात सढळ. नवरा गणपत जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी मेघना लग्न होऊन विरारला. घरात त्या, मुलगा अमित आणि दीर रामदास.

रामदास भावोजींनी लग्न केलं नाही. मालनबाई कुडाळकडून नवी नवरी म्हणून चाळीतल्या खोलीत आल्या तेव्हा हे दीर बाहेर गॅलरीत झोपत, आणि पुढे चाळ पडेपर्यंत तिथेच झोपले. गिरगावात एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी. पगार वहिनीच्या हातात. पानात पडेल ते खायचं. आमटी खारट झाली तर न बोलता पाणी पीत. अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून? मालनबाईंना भांडायला एकच जागा होती, ती म्हणजे रविवारची दुपार.

रविवारी दुपारी टीव्ही भावोजींचा. त्यांचा एक रशियन दिग्दर्शक होता. तरुणपणी छापखान्यातल्या एका दोस्ताबरोबर फिल्म सोसायटीत त्याचा सिनेमा बघितला, आणि तो माणूस त्यांच्यात जो शिरला तो निघालाच नाही. पुढे डीव्हीडी आल्या तशा त्यांनी त्याचे सिनेमे एकेक करून जमवले. एक फोर्टच्या फुटपाथवर मिळाला, एक त्या दोस्ताने मरायच्या आधी कॉपी करून दिला, एकासाठी कोणा प्राध्यापकाच्या घरी शिवाजी पार्कला खेपा घातल्या. प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. देव्हाऱ्यातल्या पोथीला घरात असं कव्हर नव्हतं.

मालनबाई त्याला नावाने ओळखतच नसत. "लागला काय तुमचा रशियन?" एवढंच.

एक तर ती भाषा. खाली इंग्रजी अक्षरं. आणि सिनेमात काही होतच नसे. ओलं अंगण, अंगणात खुर्ची, खुर्चीशेजारी कुत्रा. डाळीचा कुकर चढवून यावं, तीन शिट्या घेऊन उतरवून यावं, तरी खुर्ची आणि कुत्रा तिथेच.

"काय ता मेला, हलत पण नाय," त्या दारातून म्हणत.

"त्याला घाई नाही वैनी."

"मला आहे. बाजूला व्हा, केर काढायचाय."

भावोजी पाय वर घेत. मालनबाई टीव्हीच्या पुढून केरसुणी फिरवत, गरजेपेक्षा जरा सावकाशच.

एकदाच त्या अडकल्या होत्या. तांदूळ निवडत बसल्या असताना पडद्यावर एक बाई विहिरीवर हात धूत होती. धूत होती, धूत होती. मालनबाईंच्या तोंडून निघून गेलं, "रडते काय ती?"

भावोजी इतके खुलले की मालनबाईंना विचारल्याचा पश्चात्ताप झाला. ती बाई कोण, तिचा नवरा कुठे, पाणीच का दाखवलंय, दिग्दर्शकाची आई कशी होती. त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, आठवडाभर सांगत होते. मालनबाईंनी कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून काही विचारलं नाही.

मग चाळ पाडली, टॉवर झाला, पंधराव्या मजल्यावर घर मिळालं. सामान हलवताना डीव्हीडीचा प्लेअर बंद पडला. अमित म्हणाला, "काका, आता कोण हे वापरतं? सगळं मोबाईलवर आहे." काकांनी मान डोलावली. प्लेअर कपाटाखाली गेला, खाकी कव्हरं माळ्यावर. रविवारी दुपारी आता मालनबाईंच्या मालिकांचे जुने भाग लागू लागले. भावोजी खिडकीपाशी बसून पेपर वाचत. मालनबाईंना वाटलं, सुटलं एकदाचं.

त्या खिडकीचीच पुढे पंचाईत झाली. कबुतरं. दादरचा कबुतरखाना झाकल्यापासून सगळी इकडेच आली, असं लिफ्टमध्ये जो तो म्हणे. ग्रिलमध्ये बसायची, एसीच्या मागे काड्या रचायची, घाण करायची. भावोजींना खोकला लागला तो जाईना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "घरात कबुतरं येतात का?" छातीला जपा म्हणाले. तेव्हा शिमग्याला भावोजी कुडाळला गेले ते तिथेच राहिले. मोकळी हवा मिळेल, तेवढ्यात आम्ही इथे जाळी लावून घेऊ, असं ठरलं. जाळीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला.

समोरच्या फ्लॅटमधली रुपाली म्हणाली, "मावशी, जुन्या सीडी टांगा ना. चमकतात, फिरतात, कबुतरं घाबरतात. माझ्या माहेरी अँटॉप हिलला सगळ्या कॉलनीने टांगल्यात."

मालनबाईंनी स्टूल घेऊन माळा उघडला. तिथे तीन गठ्ठे होते. एक आरत्या आणि भजनांच्या सीडींचा. दुसरा मेघनाच्या लग्नाचा. तिसरा खाकी.

आरत्यांचा गठ्ठा त्यांनी हातात घेतला आणि लगेच ठेवला. बाप्पाची आरती बाहेर टांगायची आणि तिच्यावर कबुतरं शिटणार? लग्नाच्या सीडीवर मेघनाचा नवरीच्या वेषातला फोटो होता, अक्षता पडत असतानाचा. तो उन्हात लटकवायचा, म्हणजे अपशकुनच. राहिला खाकी गठ्ठा. कव्हर काढताना हात थांबला, नाही असं नाही. पण प्लेअरच बंद आहे, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि हे सगळं करायचं ते कोणाच्या छातीसाठी?

संध्याकाळी अमितने ग्रिलकडे बघितलं.

"आई, काकांच्या ना या? विचारलंस?"

"लागतात कशावर त्या? आणि खोकतंय कोण, मी?"

"तेही खरं," अमित म्हणाला आणि मोबाईलमध्ये गेला.

सुतळीला बांधलेल्या तबकड्या ऊन पडलं की फिरत, भिंतीवर इंद्रधनुष्यं पळत. दिसायला छान होतं. कबुतरं दोन दिवस आली नाहीत. तिसऱ्या दिवशी एक आलं, तबकडीच्या शेजारी बसलं, तिच्यात स्वतःला बघून घुमायला लागलं. आठवड्याने दोन झाली. नंतर ती तबकड्यांच्या वरच्या दांडीवर बसू लागली. तरी मालनबाईंनी त्या काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर आधी लावल्या कशाला, याचं उत्तर स्वतःलाच द्यावं लागलं असतं. एप्रिल गेला, मे आला. पंधराव्या मजल्यावरचं ऊन, त्याला आडोसा कुठला?

मग भावोजींचा फोन आला. आवाज खणखणीत.

"वैनी, खोकला गेला. रविवारी येतो."

"या हो. ओले काजू मिळाले तर आणा."

"आणि ऐका ना. प्लेअर घेऊन येतोय."

"कसला प्लेअर?"

"आपला. इकडे येताना पिशवीत घालून आणला होता, तुम्हाला बोललो नाही, हसाल म्हणून. कणकवलीला एक जण आहे, आपल्या गावच्या बुधाजीचा पोरगा, त्याने चालू करून दिला. आपल्या मुंबईत कोणी हात लावायला तयार नव्हतं. आता रविवारी तुमचा केर होऊ दे, मग लावतो."

फोन ठेवून मालनबाई तशाच उभ्या राहिल्या. म्हणजे हा माणूस खिडकीत पेपर वाचत बसत होता तेव्हा वाट बघत होता. आणि आपल्याला वाटलं, सुटलं.

त्यांनी सगळ्या तबकड्या उतरवल्या. सुतळी कात्रीने कापली. घाण वाळून बसली होती. कोमट पाण्यात घालून, मऊ फडक्याने, मोदकाच्या उकडीला हात लावावा तशा हलक्या हाताने पुसल्या. घाण निघाली, तिच्या खालचे डाग राहिले. रुपालीने सांगितलं म्हणून टूथपेस्ट चोळून बघितली. उजेडात धरल्या तर दोस्ताने कॉपी करून दिलेल्या तबकडीचा जांभळा रंग उडून ती पार फिकी पडली होती. त्यांनी त्या सगळ्या खाकी कव्हरांत घातल्या, जशा होत्या तशा. कव्हरं मात्र नवीच्या नवी दिसत होती. तेच त्यांना बघवेना.

"तू सांगून टाक ना," अमित म्हणाला. "नाहीतर मी लॅपटॉपवर डाऊनलोड करून देतो. काकांना काय, सिनेमा तोच."

"तू गप्प बस," मालनबाई म्हणाल्या. "तेव्हा तुला दिसलं होतं. तेव्हा का नाही ओरडलास?"

अमित पुन्हा मोबाईलमध्ये गेला. हे बोलून आपण अर्धी चूक त्याच्या गळ्यात घातली, हेही त्यांना कळलं.

रविवारी भावोजी आले. ओले काजू आणले होते, सोलून, वहिनीचे हात चिकाने खराब होऊ नयेत म्हणून. मालनबाईंनी काजूची उसळ केली, सोलकढी केली. जेवताना त्या दोनदा बोलायला गेल्या आणि दोन्ही वेळा, "भात घ्या," एवढंच म्हणाल्या.

भावोजींनी प्लेअर जोडला. खाकी कव्हरातून तबकडी काढली, उजेडात धरली, सदऱ्याला पुसली. आत सरकवली.

सिनेमा लागला. मालनबाई केरसुणी न घेता दाराशी उभ्या राहिल्या. ओलं अंगण आलं. खुर्ची. कुत्रा. भावोजी मांडीवर हात ठेवून बघत होते. खुर्ची आणि कुत्रा तसेच राहिले. मालनबाई आत जाऊन चहा टाकून आल्या. खुर्ची, कुत्रा. नेहमीसारखंच. फक्त प्लेअरवरचे ते हिरवे आकडे, जे नेहमी पळत असतात, ते उभे होते.

भावोजींची नजर पडद्यावर. चेहरा शांत.

"भावोजी, तो अडकलाय."

"तुम्हाला नेहमीच तसं वाटतं वैनी," ते हसून म्हणाले. "थांबा जरा. आता मागून एक मुलगी येईल."

"नाही येणार. आकडे बघा." मालनबाईंनी दाराची चौकट धरली. "मी टांगल्या होत्या त्या. ग्रिलला. कबुतरांसाठी. दीड-दोन महिने उन्हात होत्या."

भावोजींनी आकड्यांकडे बघितलं. मग ग्रिलकडे. तिथे कापलेल्या सुतळीची गाठ राहून गेली होती.

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी माळ्याकडे बघितलं. मग विचारलं, "आणि माळ्यावर त्या आरत्यांच्या होत्या ना?"

"त्या कशा टांगणार?"

"बरोबर," भावोजी म्हणाले. "त्या कशा टांगणार."

आवाजात राग नव्हता. असता तर मालनबाईंना त्याला उत्तर देता आलं असतं.

"कबुतरं गेली?"

"नाही."

त्यांनी मान डोलावली, आणि पडद्यावरच्या कुत्र्याकडे बघत बसले. चहा उतू गेल्याचा वास आला तशा मालनबाई आत पळाल्या.

जाळी आता लागली आहे. तबकड्यांपैकी एकच, शिवाजी पार्कच्या प्राध्यापकाकडची, अर्ध्यापर्यंत चालते. अमितने लॅपटॉपवर सगळे सिनेमे आणून दिले. भावोजी, "छान केलंस," म्हणाले आणि ते एकदाही लावले नाहीत. रविवारी दुपारी ते ती अर्धी तबकडीच लावतात. मालनबाईंनी मालिका सोडल्या आहेत. केर सकाळीच काढून ठेवतात आणि तांदळाचं ताट घेऊन जवळ येऊन बसतात.

त्या अर्ध्यात ती विहिरीवरची बाई येते. परवा ती आली तेव्हा मालनबाईंनी हातातले खडे ताटाच्या कडेला ठेवले आणि विचारलं, "भावोजी, ही रडते काय हो?"

"असेल," भावोजी म्हणाले.

त्या थांबल्या. तिचा नवरा कुठे, पाणीच का दाखवलंय, यातलं काहीतरी येईल म्हणून. पडद्यावर ती बाई हात धूत होती. मालनबाईंनी ताट पुन्हा मांडीवर ओढलं.