चार वाजताची धार

माझ्या आत्यामुळे मी पदवीधर झालो, हे आधी सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बारावीनंतर वडील म्हणाले, शेतात माणूस कमी पडतं. आत्या तरुणपणीच विधवा होऊन सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर परत आली होती. तिने भावाला एवढंच सांगितलं, "त्याचं काम मी वढते. त्याला नगरला जाऊ दे." आणि ती ओढत राहिली. मी पुस्तकं वाचत असताना ती माझ्या वाटणीचा, गाईंसाठीचा घास कापत होती. घोडेगावच्या बाजारात बायका जनावर घ्यायला जात नसत; ती गेली, गाय पारखून घेतली आणि वर दलालालाच बोलून आली.

मी बी.कॉम. झालो, मग व्यवस्थापन शिकलो. नियोजन हा विषय मला मनापासून आवडला. काम ज्यांना करायचं आहे त्यांचा विचार काम सुरू होण्याआधी करायचा, असं आमच्या सरांनी शिकवलं होतं. मला ते फार माणुसकीचं वाटलं होतं.

नोकरी राहात्याजवळच्या एका दूध कंपनीत लागली. गावोगावच्या केंद्रांवर दूध कधी घ्यायचं, टँकर कधी निघायचा, हे आखणाऱ्या विभागात. त्या कंपनीने मला माणसात आणलं, हे मी नाकारत नाही. आमच्या वस्तीवर केंद्र उघडायचं ठरलं, तेव्हा बायका तयार नव्हत्या. आधीच्या डेअरीने दूध वाढल्याबरोबर संध्याकाळचं दूध घेणं बंद केलं होतं. आत्या घरोघर फिरली. "माजा भाचा हाय तिथं. दोन्ही टायमाचं दूध घेत्याल. माजा शब्द." त्या शब्दावर सगळ्या वस्तीचं दूध आमच्या केंद्रावर आलं.

गेल्या वर्षी वरून ठरलं की संध्याकाळचं संकलन साडेचारला बंद करायचं, म्हणजे एकच टँकर दोन मार्ग उरकेल. याला नाव दिलं 'वेळ-शिस्त योजना'. शिस्त कोणाला लावायची होती, ते नावातच होतं. पहाटे धार काढून बायका खुरपायला जातात, संध्याकाळी पाच-सव्वापाचला परततात आणि मग गाईखाली बसतात. साडेचारच्या आत दूध घालायचं तर धार चारलाच काढावी लागणार, आणि चार वाजता त्यांच्या गोठ्यात कोणी नसतं.

गावांची संमती घ्यायची म्हणून आमच्या विभागाचे साहेब आमच्या वस्तीवर आले. मीही सोबत होतो. भर दुपारी मारुतीच्या देवळापुढे खुर्च्या मांडल्या होत्या. बायका शेतात होत्या. खुर्च्यांवर सगळे पुरुष.

"कुणाला काही अडचण?" साहेबांनी विचारलं.

"छ्या, कसली अडचण," पुढचे एक काका म्हणाले. "तुमी म्हनाल तसं, साहेब. च्या घ्या."

मागून कोणीतरी त्या काकांना हळूच म्हणालं, "गाईखाली कधी बसलाय का रं तू? बायकोला तरी इचार." सगळे हसले. साहेबही हसले, काही न कळता.

दारी आलेल्या साहेबाला आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्याला चहा पाजतात, होय म्हणतात आणि तो गेल्यावर खरं बोलतात. या जिल्ह्यात नोकरी करणाऱ्याला एवढं कळत नसेल, तर तो इथे कशाला पगार घेतो? ज्यांनी कधी गाईच्या सडाला हात लावला नाही, त्यांच्या चहाबरोबरच्या होकाराला आमच्या कंपनीने 'गावाची संमती' म्हटलं. अशी प्रत्येक गावातून संमती आली.

मुख्य कार्यालयातल्या बैठकीत मी उभा राहून म्हणालो, "साहेब, आपण धार काढणाऱ्या एकाही बाईला विचारलेलं नाही."

"गावाची मीटिंग झाली ना?"

"झाली. पण तेव्हा त्या शेतात होत्या."

"मग त्यांच्या नवऱ्यांनी सांगितलं असेलच की."

"आणि गाय? ती पहाटे पिळलेली असते. चारला पूर्ण दूध देत नाही."

"सवय लागते हो. तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं? उलट योजनेवर तुमचं नाव टाकलंय. आपला माणूस म्हटलं की गावं ऐकतात."

बैठकीचं इतिवृत्त आधीच टाइप होऊन समोर ठेवलेलं होतं. सर्वानुमते मंजूर. मी खाली बसायच्या आत मंजूर. नियोजनाची सगळी पाठ्यपुस्तकं त्या टेबलावर आपटावीत असं मला वाटलं. यांना नियोजन नको होतं. झालेल्या निर्णयाला घालायला अंगरखा हवा होता, आणि त्याला बटण म्हणून माझं नाव.

पहिल्याच आठवड्यात आमच्या बायका भरल्या किटल्या घेऊन बंद केंद्रापुढे उभ्या राहिल्या. केंद्रवाल्याचा इलाज नव्हता, टँकर गेलेला. रात्रभर ठेवलेलं दूध सकाळी नासकं म्हणून परत आलं. दुसऱ्या डेअरीची गाडी संध्याकाळी सहाला यायची, पण आत्या शब्द दिलाय म्हणून त्या गाडीला दूध घालत नव्हती. आणि ती घालत नाही म्हणून इतर बायकाही अडकल्या होत्या.

मी फोन केला. ती म्हणाली, "बाया मला काय बी बोलत न्हाईत. बोलल्या असत्या तर बरं हुतं. नुसत्या बगत्यात."

"आत्या, मी सांगितलं होतं त्यांना."

"मग तुजं ऐकत न्हाईत, तर तू तिथं हायेस कशाला?"

त्यानंतर ती माझा फोन उचलेना. ती सातवी शिकलेली आहे. पत्र आलं की बाजूला ठेवत नाही, पूर्ण वाचते. म्हणून हे पत्र पाठवलं.

"आत्यास साष्टांग नमस्कार.

वेळ बदलायला कंपनी तयार नाही. मी दोनदा लेखी मागणी केली, दोन्ही वेळा नकार आला. पुढे बदलेल असं मी तुला सांगणार नाही, कारण मला तसं दिसत नाही.

योजनेवरचं माझं नाव काढा, असं मी लिहून दिलं आहे. साहेब चिडले आहेत. नोकरी मी सोडलेली नाही. काढायचं तर ते काढतील.

तू शब्द दिलास तो माझ्या भरवशावर. तो कंपनीने मोडला, तू नाही. उद्यापासून संध्याकाळचं दूध सहाच्या गाडीला घाल आणि बायकांनाही घालायला सांग. माझ्या नोकरीचं काय होईल, याचा विचार करून थांबू नकोस. तशी तू थांबलीस तर मला सहन होणार नाही.

रविवारी मी येतो. संध्याकाळी, सगळ्या घरी आल्यावर, बायकांना आपल्या ओट्यावर बोलाव. हा निर्णय कोणी घेतला आणि कोणाला न विचारता घेतला, हे मी त्यांच्यासमोर माझ्या तोंडाने सांगेन. त्यांना जे बोलायचं ते त्या मला बोलतील. तू मधे पडू नकोस.

तुझा भाचा"